कोणाच्या हाती कोणती किल्ली? व्यावसायिक सॉफ्टवेअरमधील भूमिका आणि अधिकार

नवा कर्मचारी कार्यालयात रुजू झाला, की पहिल्याच दिवशी त्याच्यासाठी संगणकप्रणालीत एक खाते उघडले जाते. त्या खात्यातून त्याला काय पाहता येईल, काय बदलता येईल आणि कशाला मंजुरी देता येईल, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला प्रवेश-नियंत्रण म्हणतात. अमेरिकेतील बँका, रुग्णालये, विमा कंपन्या आणि माहिती-तंत्रज्ञान संस्थांत काम करणाऱ्या मराठी माणसांचा या व्यवस्थेशी रोजचा संबंध येतो. अनेकांचा तर तो व्यवसायच आहे. तरीही लहान उद्योगांत, घरगुती कंपन्यांत आणि स्वयंसेवी मंडळांत हा विषय बहुधा एका वाक्यात निकालात निघतो : ‘सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाका, नंतर पाहू.’ ते ‘नंतर’ सहसा काहीतरी बिघडल्यावरच उगवते.

या लेखात प्रवेश-नियंत्रणाची मूळ कल्पना, अमेरिकेत तिला मिळालेले शास्त्रीय व कायदेशीर रूप, तिच्या अभावी घडलेले काही प्रसंग आणि लहान संस्थांना तिचा करता येण्याजोगा उपयोग यांचा परिचय करून दिला आहे.

ओळख वेगळी, अधिकार वेगळा

‘तू कोण आहेस?’ आणि ‘तुला काय करता येईल?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर पासवर्ड, मोबाइलवर येणारा संकेतांक किंवा बोटाचा ठसा देतो. दुसऱ्याचे उत्तर परवानग्यांची नोंद देते. ही दोन्ही कामे एकच समजणे, ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक आहे.

परदेशस्थ वाचकाला हा भेद समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. विमानतळावर पासपोर्ट ओळख पटवतो. देशात राहून काय करता येईल, ते व्हिसाचा प्रकार ठरवतो. एकाच घरातील पती-पत्नींचे पासपोर्ट एकाच देशाचे असतात. परंतु एचवन-बी दर्जा असलेल्या व्यक्तीला ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याकडे नोकरी करता येते, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या एच-फोर दर्जाच्या जोडीदाराला राहता येते, शिकता येते, पण स्वतंत्र कार्यपरवाना मिळाल्याखेरीज नोकरी करता येत नाही. दर्जा बदलला की अधिकार बदलतात. माणूस तोच राहतो. संगणकप्रणालीतील ‘भूमिका’ नेमकी अशीच असते. ती परवानग्यांचा एक बांधीव संच असून व्यक्तीच्या कामानुसार तिला दिली जाते आणि काम बदलले की काढून घेतली जाते.

गडावरचा जुना नियम

अधिकार वाटून देण्याची ही रीत संगणकाहून फार जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या गडव्यवस्थेचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आले आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे समान दर्जाचे अधिकारी नेमलेले असत. दरवाज्यांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात, हजेरी व हिशेब सबनिसाकडे, शिबंदी सरनोबताकडे, तर धान्य व साहित्याच्या कोठाराची नोंद कारखानिसाकडे. यांपैकी एकट्याला फितूर होऊन गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. आजच्या लेखापरीक्षणाच्या भाषेत याला कर्तव्यविभाजन म्हणतात. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्या हाती हिशेब नसावा, एवढाच त्याचा अर्थ. अधिकार पदाला चिकटलेला असे. हवालदार बदलला की किल्ल्या नव्या हवालदाराकडे जात.

अमेरिकेत घडलेले शास्त्र

एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत झाली. एकाच्या फायली दुसऱ्यापासून सुरक्षित ठेवण्याचा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. त्यांतील ‘किमान अधिकारा’चे तत्त्व आजही पहिल्या धड्यात शिकवले जाते : प्रत्येक व्यक्तीला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला आपले काम पार पाडण्यापुरतेच अधिकार असावेत, त्याहून अधिक नसावेत.

सुरुवातीच्या संशोधनावर लष्करी गरजांचा प्रभाव होता. गुप्त कागद अनधिकृत डोळ्यांना दिसू नये, ही लष्कराची मुख्य चिंता. १९८७ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांनी दाखवून दिले, की व्यापारी जगाची चिंता निराळी आहे. दुकानदाराला किंवा बँकेला वहीतील आकडा कोणी पाहिला याहून तो कोणी खोटा केला याची भीती अधिक असते. म्हणून व्यवहार ठरलेल्या पद्धतीनेच व्हावेत आणि एकच व्यवहार आरंभापासून अखेरपर्यंत एकाच माणसाच्या हाती राहू नये, असा आग्रह त्यांनी धरला.

भूमिकांवर आधारित व्यवस्थेची औपचारिक मांडणी १९९२ मध्ये झाली. मेरीलँड राज्यातील गेथर्सबर्ग येथील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेचे (एनआयएसटी) डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी आपला निबंध त्या वर्षी बाल्टिमोर येथील परिषदेत सादर केला. कंपन्यांत माहितीची मालकी कर्मचाऱ्याची नसते, संस्थेची असते. त्यामुळे ती कोणाला दाखवायची हे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर न सोडता त्याच्या कामाच्या स्वरूपावरून ठरावे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९९६ मध्ये रवी संधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेचे सविस्तर प्रतिमान प्रसिद्ध केले. पवईच्या आयआयटीचे पदवीधर असलेले संधू न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात पीएच.डी. झाले आणि त्या काळी व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठात अध्यापन करीत होते. या दोन प्रवाहांच्या मिलाफातून २००४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय मानक तयार झाले. आज जगातील बहुतेक व्यावसायिक सॉफ्टवेअर याच चौकटीवर उभे आहे.

भूमिका प्रत्यक्षात कशी बनते

समजा, एका कंपनीत २०० कर्मचारी आहेत आणि हिशेबाच्या प्रणालीत ३०० निरनिराळ्या कृती करता येतात. प्रत्येक व्यक्तीची प्रत्येक परवानगी स्वतंत्रपणे ठरवायची झाली, तर ६०,००० निर्णय घ्यावे लागतील आणि प्रत्येक बदलीच्या वेळी त्यांतील अनेक पुन्हा तपासावे लागतील. भूमिकांमुळे हा गुंता दोन सोप्या पायऱ्यांत सुटतो. प्रथम ‘बिल नोंदणारा’, ‘बिल मंजूर करणारा’, ‘वेतन पाहणारा’, ‘लेखापरीक्षक’ अशा मोजक्या भूमिका ठरवून प्रत्येकीला आवश्यक त्या परवानग्या जोडल्या जातात. नंतर प्रत्येक व्यक्तीला योग्य भूमिका दिली जाते. माणसे येतात-जातात, भूमिका बहुधा वर्षानुवर्षे तशाच राहतात.

मानकात यापुढील तीन सोयी सांगितल्या आहेत. पहिली श्रेणीबद्धतेची : वरिष्ठ लेखापालाच्या भूमिकेत कनिष्ठाच्या परवानग्या आपोआप सामावतात. दुसरी कायम विभाजनाची : परस्परविरोधी दोन भूमिका एकाच व्यक्तीला देताच येत नाहीत. पुरवठादाराचे नाव यादीत घालणारा आणि त्याला रक्कम अदा करणारा एकच असेल, तर खोटा पुरवठादार निर्माण करून पैसे वळवणे सहज शक्य होते. म्हणून ही दोन कामे अलग ठेवतात. तिसरी प्रसंगानुरूप विभाजनाची : दोन्ही भूमिका एकाकडे असू शकतात, पण एकाच वेळी त्या वापरता येत नाहीत. भारतातील बँकांत ‘मेकर-चेकर’ या नावाने रूढ असलेली पद्धत याच तत्त्वाची आहे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पक्की करायची.

प्रत्येक सॉफ्टवेअरची परिभाषा मात्र वेगळी असते आणि तेथे नवशिक्याची फसगत होते. सेल्सफोर्समध्ये ‘रोल’ हा शब्द मुख्यतः कोणाच्या नोंदी कोणाला दिसाव्यात यासाठी वापरतात. काय करता येईल, हे ‘प्रोफाइल’ आणि ‘परमिशन सेट’ यांवरून ठरते. सॅपमध्ये परवानग्यांचे सूक्ष्म घटक भूमिकेत एकत्र बांधले जातात. तेथे ‘सॅप ऑल’ नावाचा सर्वाधिकारी संच आहे आणि तो प्रत्यक्ष कामकाजाच्या प्रणालीत कोणाकडे आढळला, तर लेखापरीक्षक पहिला आक्षेप तोच घेतो. मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन प्रणालीत सर्वोच्च अधिकाराचे ‘ग्लोबल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ पाचांहून कमी असावेत, अशी खुद्द कंपनीचीच शिफारस आहे.

भूमिकांची संख्या बेसुमार वाढू देणे, हाही एक दोष आहे. प्रत्येक अपवादासाठी नवी भूमिका काढली, तर काही वर्षांत कर्मचाऱ्यांहून भूमिकाच अधिक होतात. म्हणून मोठ्या संस्था भूमिकेच्या जोडीला वेळ, ठिकाण, विभाग, माहितीची संवेदनशीलता यांसारख्या गुणधर्मांचाही विचार करतात. अशा गुणधर्माधिष्ठित पद्धतीची मार्गदर्शिका एनआयएसटीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केली.

कायद्याची सक्ती

एन्रॉन आणि वर्ल्डकॉम या कंपन्यांचे हिशेबातील घोटाळे उघडकीस आल्यावर अमेरिकेत जुलै २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला. भागबाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या व्यवस्थापनाने आर्थिक अहवालांवरील अंतर्गत नियंत्रणाची दरवर्षी पडताळणी करावी, असे त्याचे कलम ४०४ सांगते. हिशेब संगणकावर असल्याने ‘हिशेबात बदल कोण करू शकतो?’ हा प्रश्न त्या पडताळणीच्या केंद्रस्थानी आला. अधिकारांची नियतकालिक उजळणी, नोकरी सोडलेल्यांची खाती बंद केल्याचा पुरावा, परस्परविरोधी भूमिकांची छाननी ही कामे तेव्हापासून नेहमीची झाली.

आरोग्यक्षेत्रात हिपा कायद्याच्या नियमांनी ‘किमान आवश्यक’ माहितीचे बंधन घातले. रुग्णालयात काम करतो म्हणून कोणाचाही केसपेपर उघडण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला मिळत नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांनी नामवंत रुग्णांच्या नोंदी विनाकारण पाहिल्याच्या तक्रारींवरून त्या संस्थेने २०११ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याशी ८,६५,५०० डॉलरची तडजोड केली. हेच नियम आणीबाणीत रुग्णाची माहिती मिळवण्याची ठरलेली वाट असावी, असेही सांगतात. अनेक रुग्णालयांच्या प्रणालींत डॉक्टरला अशा वेळी बंद नोंद उघडता येते, परंतु त्याचे कारण नोंदवावे लागते आणि नंतर त्याची तपासणी होते. चांगल्या व्यवस्थेत अडसर असतो, तशी अडचणीच्या वेळची वाटही असते.

जिथे हे चुकले

ट्विटर कंपनी नवी असताना, २००६ पासून २००९ पर्यंत, जवळजवळ सर्व कर्मचाऱ्यांना प्रणालीवर प्रशासकीय ताबा होता, असे अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने २०१० च्या तक्रारीत नमूद केले. जानेवारी २००९ मध्ये एका घुसखोराने अशा एका कर्मचाऱ्याचा सोपा पासवर्ड हुडकला आणि तेव्हाचे नियोजित अध्यक्ष बराक ओबामा यांच्या खात्यावरून बनावट संदेश गेला. पासवर्ड एकाचाच फुटला होता; परंतु त्या एका खात्याला सगळी दारे उघडत होती. २०२० च्या जुलैमध्ये त्याच कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फोनवरून फसवून अंतर्गत साधनांत प्रवेश मिळवला गेला आणि १३० खाती लक्ष्य झाली.

कॅपिटल वन बँकेचे २०१९ मधील प्रकरण अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे अवाजवी अधिकार माणसाला नव्हे तर यंत्राला मिळाले होते. बँकेची माहिती अ‍ॅमेझॉनच्या मेघसेवेत साठवलेली होती. फायरवॉलच्या रचनेतील उणिवेचा फायदा घेऊन घुसखोराने त्या फायरवॉलला दिलेली भूमिका हस्तगत केली. त्या भूमिकेला साठवणीतील फायलींची यादी पाहण्याची आणि त्या वाचण्याचीही परवानगी होती. परिणामी अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. ऑगस्ट २०२० मध्ये बँकनियामकाने कॅपिटल वनला ८ कोटी डॉलरचा दंड केला. दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याला तिजोरीचीही किल्ली देऊन ठेवण्यासारखाच हा प्रकार होता.

टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत इंधन वाहून नेणारी कोलोनियल पाइपलाइन मे २०२१ मध्ये खंडणीखोर टोळीच्या हल्ल्यामुळे काही दिवस बंद राहिली आणि आग्नेयेकडील राज्यांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. घुसखोर आत आले ते एका जुन्या दूरप्रवेश खात्यातून. ते खाते वापरात नव्हते, त्याला दुहेरी पडताळणीही नव्हती. मात्र ते बंद करायचे राहून गेले होते. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी म्हणून मोजले.

मुंबईकरांच्या स्मरणात असलेले पंजाब नॅशनल बँकेचे प्रकरणही याच मालिकेतले आहे. फोर्ट भागातील ब्रॅडी हाउस शाखेतून अनधिकृत हमीपत्रे दिली गेल्याचे बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड केले. परदेशी बँकांना संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मूळ हिशेबप्रणालीशी जोडलेली नव्हती. त्यामुळे संदेश जात राहिले आणि वहीत त्यांची नोंद उमटली नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ही जोडणी ३० एप्रिल २०१८ पर्यंत पूर्ण करण्यास सांगितले. किल्ली आणि हिशेब यांची एकमेकांवर नजर नसेल, तर केवळ विभाजन पुरेसे ठरत नाही, हे या प्रकरणाने दाखवले.

लहान संस्था आणि मराठी मंडळे

हे सारे मोठ्या कंपन्यांचे प्रश्न आहेत, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः सर्वाधिक ढिलाई लहान संस्थांत असते. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळे स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. कार्यकारिणी ठरावीक मुदतीने बदलते, पण मंडळाची ईमेल, सभासदांची यादी, तिकीटविक्रीचे खाते, बँकेचा ऑनलाइन व्यवहार, संकेतस्थळ आणि फेसबुकचे पान ही सगळी मालमत्ता तीच राहते. गणेशोत्सवाच्या आठवड्यात धावपळीत कोणीतरी पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो. पुढे तो गट तसाच राहतो, माणसे मात्र दुसऱ्या राज्यांत निघून जातात.

अशा संस्थेला महागड्या सॉफ्टवेअरची गरज नसते. कागदाचा एक तक्ता पुरतो. डाव्या बाजूस पदे : अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष, कार्यक्रमप्रमुख, संकेतस्थळ सांभाळणारा, अंतर्गत हिशेब तपासनीस. वरच्या बाजूस कामे : सभासदांची यादी पाहणे, तीत बदल करणे, खर्च नोंदणे, खर्च मंजूर करणे, पैसे अदा करणे, पानावर मजकूर टाकणे. प्रत्येक चौकटीत होय किंवा नाही लिहायचे. खर्च नोंदणारा आणि मंजूर करणारा वेगळा ठेवायचा. हिशेब तपासनिसाला सर्व पाहता यावे, पण काही बदलता येऊ नये. तिकिटे तपासणाऱ्या स्वयंसेवकाला नाव आणि आसनसंख्या पुरते. सभासदांचे पत्ते, फोन आणि मुलांची वये त्याला दिसण्याचे कारण नाही.

त्यानंतर चार पथ्ये सांभाळावी लागतात. एक, प्रत्येकाचे खाते स्वतःच्या नावाने असावे. समाईक पासवर्डने केलेल्या बदलाखाली प्रणाली एकच नाव नोंदवते आणि प्रत्यक्ष कोणी केले ते कधीच कळत नाही. दोन, सर्वोच्च अधिकाराची खाती किमान दोन आणि शक्यतो तीनच्या आत असावीत. एकच असेल आणि तो सभासद आजारी पडला किंवा देश सोडून गेला, तर संस्थेलाच आपल्या दाराबाहेर उभे राहावे लागते. या खात्यांना दुहेरी पडताळणी अनिवार्य असावी आणि रोजच्या कामासाठी ती वापरू नयेत. तीन, तात्पुरता अधिकार देतानाच त्याच्या समाप्तीची तारीख लिहून ठेवावी. चार, पदभार सोपवण्याच्या सभेत जमाखर्चाच्या वहीबरोबर अधिकारांची यादीही वाचली जावी आणि मावळत्या सदस्यांची नावे त्याच दिवशी काढली जावीत.

चौथे पथ्य सर्वांत अवघड, आणि त्याचे कारण तांत्रिक नाही. ज्याने १० वर्षे मंडळासाठी राबून काम केले, त्याचा प्रवेश बंद करणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे आपल्या माणसांना वाटते. ‘आपलाच माणूस आहे’ या भावनेने खाती उघडी राहतात. कंपन्यांतही हेच घडते : विभाग बदललेला कर्मचारी जुन्या कामाचे अधिकार घेऊनच नव्या जागी जातो, पुन्हा बदली झाली की आणखी काही अधिकार त्यांत भर घालतात, आणि काही वर्षांनी कार्यालयातील सर्वांत सामर्थ्यवान खाते एखाद्या जुन्या, सज्जन आणि अनभिज्ञ कारकुनाचे निघते. घुसखोर असेच खाते शोधत असतो.

म्हणून अधिकार काढून घेण्याच्या विधीकडे निराळ्या नजरेने पाहायला हवे. उत्सवाच्या जमेतील काही शे डॉलरचा मेळ बसला नाही, तर संशयाची सुई ज्यांच्याकडे पासवर्ड होता त्या सर्वांवर फिरते, आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचे साधन त्यांच्यापैकी कोणाकडेही नसते. ज्याचा प्रवेश पद सोडल्याच्या दिवशीच बंद झाला, त्याच्या नावाचा उल्लेखही तेथे होत नाही. निवृत्त होणाऱ्या हवालदाराने किल्ल्या मोजून देताना पावती घ्यावी, तसे मावळत्या कोषाध्यक्षाने आपले नाव यादीतून काढल्याची लेखी नोंद स्वतःहून मागून घ्यावी.